नाकाजवळचा 'यिंगशियांग': दाबल्याने सर्दी जाते का?

थंडी पडली की मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो: नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवा, मिनिटभर दाबा, बंद नाक मोकळं! पालकसभेतही कुणीतरी विचारतंच, यात तथ्य किती?

चिनी वैद्यकात या जागेला 'यिंगशियांग' म्हणतात. यिंग म्हणजे स्वागत, शियांग म्हणजे सुगंध. उर्दूत सांगायचं तर 'खुशबू का इस्तकबाल'. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेच्या मध्याशी, गालाच्या घडीत हा बिंदू असतो. तिसऱ्या शतकातल्या हुआंगफू मी यांच्या ग्रंथात त्याची नोंद आहे.

गंमत म्हणजे हा बिंदू मोठ्या आतड्याच्या वाहिनीवरचा, २० वा आणि शेवटचा. नाकाचा आतड्याशी काय संबंध? चिनी वैद्य फुप्फुस आणि मोठं आतडं यांची जोडी मानतात, आणि नाक हे फुप्फुसाचं दार. ही वाहिनी तर्जनीच्या नखापाशी सुरू होते, हात, खांदा, मान, गाल असं करत वरच्या ओठावर येते आणि तिथे बाजू बदलते. म्हणजे उजव्या हाताची वाहिनी डाव्या नाकपुडीपाशी संपते! म्हणून नाक चोंदलं, वास येईनासा झाला, तोंड वाकडं झालं की इथे सुई टोचतात.

शरीर उघडून पाहिलं तर अशी वाहिनी सापडत नाही, हेही सांगायला हवं. हलकं दाबून बरं वाटलं तर दाबा, त्यात नुकसान नाही. पण तिथे पुळी असेल तर हात लावू नका. या भागातल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांना जोडलेल्या आहेत. संसर्ग क्वचित का होईना, आत जाऊ शकतो. सुई तर घरी नकोच. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारा आणि सुई सीलबंद पाकिटातली आहे ना, ते बघा.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती सर्दी नसून आत मणी, वाटाणा किंवा खोडरबराचा तुकडा असू शकतो. शाळेत हे नवीन नाही. चिमट्याने काढू नका, आत सरकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. घड्याळाचा बटन सेल असेल तर त्याच क्षणी निघा.

आणि तोंड अचानक वाकडं झालं तर आधी हॉस्पिटल. मेंदूचा झटका असेल तर मिनिटं मोजली जातात, आणि फक्त चेहऱ्याच्या नसेचा लकवा असला तरी औषध पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. सुईचा विचार त्यानंतर.