गोदामातील फोर्कलिफ्ट आणि तिचा तोल

गेवराई, माजलगाव या भागांत कापूस पिकतो, आणि सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधण्याचे कारखानेही तेथे चालतात. रुईची एक गाठ साधारणतः १७० किलोची. ती माणसाच्या पाठीस झेपणारी नव्हे. म्हणून फोर्कलिफ्ट आली. आता शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःची गोदामे बांधीत आहेत. तेव्हा या गाडीचे अपघात हा केवळ कारखानदारांच्या काळजीचा विषय उरलेला नाही.

या गाडीचे वर्म तिच्या तोलात आहे. पहारेने दगड उचलताना मध्ये जसा टेकू असतो, तशी येथे पुढची चाके होत. त्यांच्या एका अंगास काट्यांवरील ओझे, दुसऱ्या अंगास गाडीचे मागील वजन. दोन टन उचलणारी गाडी स्वतः तीन टनांहून अधिक भरते, ती याचसाठी. ओझे उंच नेऊन वळण घेतले की ती कुशीवर कलंडते. चालक घाबरून उडी टाकतो आणि डोक्यावरील लोखंडी सांगाड्याखाली सापडतो. त्याने कमरेचा पट्टा बांधलेला असावा. गाडी कलंडू लागताच चाक घट्ट धरून, पाय रोवून, पडत्या बाजूच्या उलट झुकावे. उडी टाकू नये.

आपली नजर बैलगाडीस व ट्रॅक्टरास सरावलेली. ती वाहने पुढून वळतात. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे तिची मागील बाजू एकदम बाहेर फिरते आणि शेजारी उभा असलेला हमाल गाडी व थप्पी यांमध्ये चेंगरतो.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील मजूर ऊसतोडीस जातात, आणि कापसाचा हंगामही तेव्हाच भरात येतो. साहजिकच गोदामावरील गडी पुष्कळदा नवखा असतो. त्याला पहिल्याच दिवशी चुन्याने आखलेली पायवाट दाखवावी. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यास वजनकाट्यापाशीच थांबवावे. त्यास राग आला तरी चालेल.

ओझे जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवूनच गाडी चालवावी. समोरचे दिसत नसेल तर ती मागे चालवावी. उतारावर भरल्या गाडीचे ओझे नेहमी चढाच्या बाजूस असावे. थप्पीवरचे पोते काढण्यासाठी काट्यांवर माणूस उभा करून वर नेण्याची रीत मी पाहिली आहे. ती तत्काळ बंद करावी. काम संपताच काटे जमिनीस टेकवून किल्ली काढून घ्यावी. किल्ली तशीच राहिली तर एखादा हौशी मुलगा ती फिरवून पाहतोच.