खाऱ्या वाऱ्यात शेतीयंत्रांचा रंग कसा टिकवावा?

कोकणच्या किनारपट्टीवर बैलजोडीची जागा आता बऱ्याच ठिकाणी पॉवर टिलरने घेतली आहे. खलाटीतील चिखलणी, भाताची वाहतूक, आंब्याच्या पेट्या बाजारात पोहोचविणे ही कामे पॉवर टिलर, लहान ट्रॅक्टर, ट्रॉली आणि टेम्पो यांच्या आधारे होतात. वापराने यंत्र झिजणे हे स्वाभाविक आहे. परंतु समुद्रकाठच्या गावांत यंत्र झिजण्यापूर्वीच गंजाने खाल्ले जाते, असे पुष्कळदा आढळून येते. यंत्र बहुधा कर्ज काढून घेतलेले असते. कर्जाचे हप्ते फिटण्याच्या आतच ट्रॉलीच्या तळाला भोके पडली, तर शेतकऱ्याच्या पदरी केवळ देणे उरते. यास्तव यंत्रावरील रंगाकडे केवळ शोभा म्हणून पाहून चालणार नाही. तो लोखंडाची कातडी होय. कातडी शाबूत असेपर्यंत आतील अंग सुरक्षित राहते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक भातपिकाच्या पाहणीसाठी खाडीकाठच्या एका गावी गेला होता. तेथील एका वयस्क शेतकऱ्याने आपला पॉवर टिलर व ट्रॉली दाखविली. ट्रॉलीच्या कडांना रंगाचे पोपडे सुटले होते आणि मडगार्डच्या आतील बाजूस तांबूस गंज दिसत होता. तारेच्या ब्रशाने गंज काढून मृगापूर्वी चांगल्या रंगाचे दोन हात द्यावे, असा सल्ला लेखकाने दिला. शेतकऱ्याने तो तंतोतंत पाळला. गणपतीच्या सुमारास पुन्हा त्या गावी जाणे झाले, तेव्हा नव्या रंगावर सर्वत्र फोड आलेले दिसले. नखाने एक फोड उचकटला, तर आत ओला गंज होता. “साहेब, तुम्ही सांगितलेत तसेच केले. रंगाचे पैसे तर गेले, आता काय करू?” असे तो गृहस्थ म्हणाला. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे त्या वेळी जड गेले. सल्ला अपुरा होता. रंग देण्यापूर्वी लोखंडावरील मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढावयाचे असते, ही गोष्ट सांगावयाची राहून गेली होती. तीच येथे सविस्तर सांगावयाची आहे.

गंज कसा चढतो?

लोखंडास गंज चढण्यासाठी प्राणवायू आणि पाणी ही दोन्ही लागतात. अगदी कोरड्या हवेत स्वच्छ लोखंड दीर्घकाळ टिकते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग वाढू लागतो. पावसाळ्यात किनारपट्टीवरील आर्द्रता दिवसचे दिवस याहून पुष्कळ अधिक असते.

त्यात मिठाची भर पडली म्हणजे तीन प्रकारे हानी होते. पहिली गोष्ट अशी की, मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर मिठाचे कण त्या ओलाव्यात स्वतःच विरघळतात. त्यामुळे पाऊस पडत नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. दुसरी गोष्ट, गंजणे ही मूलतः विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्या पाण्यापेक्षा सुलभतेने वाहते, म्हणून ही क्रियाही वेगाने होते. तिसरी गोष्ट, मिठातील क्लोराइड हा घटक धातूवरील संरक्षक थर भेदून आत शिरतो.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. रंगावर मोहरीएवढा टवका उडाला, तरी त्या जागी तयार होणारा गंज आजूबाजूचा रंग खालून उचलतो. उचललेल्या रंगाखाली पुन्हा खारे पाणी जाते आणि गंज पसरत राहतो. वरून रंग धड दिसत असतानाच आतील पत्रा पोखरला जातो.

मिठावरच रंग दिल्यास याहून वाईट घडते. रंगाचा थर पूर्णतः जलाभेद्य नसतो. त्यातून पाण्याची वाफ हळूहळू आत जाते. खाली मीठ असेल तर ते ही वाफ ओढून घेते, तेथे पाणी साठते आणि फोड येतात. वर उल्लेखिलेल्या ट्रॉलीची हीच गत झाली होती.

मीठ कोठून येते?

दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. फुटणाऱ्या लाटांचे सूक्ष्म तुषार ते आपल्याबरोबर आणतात. किनाऱ्यालगत हे मीठ सर्वांत अधिक बसते व आतल्या भागाकडे त्याचे प्रमाण झपाट्याने कमी होते. पावसाळ्यापूर्वी वारा जोर धरतो, पण पाऊस नसल्याने साचलेले मीठ धुतले जात नाही. पुढे पावसाच्या सरींनी यंत्राचा वरचा भाग धुतला जातो. परंतु मडगार्डच्या आतील बाजू, ट्रॉलीच्या तळाखालील कोन, सांधे व बिजागऱ्या या आडोशाच्या जागी पाऊस पोहोचत नाही. मीठ तेथेच राहते, आणि गंजाची सुरुवातही बहुधा तेथूनच होते.

खारजमिनीत चिखलणी करताना, किंवा खाडीच्या काठाने यंत्र नेताना खारा चिखल थेट लोखंडास लागतो. टेम्पोतून मासळी वाहिली तर बर्फाचे खारट पाणी हौद्यातून तळाशी झिरपते. नारळास घालण्याचे मीठ ज्या ट्रॉलीतून नेले, तिच्या फटींत त्याचे कण राहतात.

रासायनिक खतांकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठात असलेले क्लोराइड त्यातही असते. युरिया व अमोनियम सल्फेट ही खतेही दमट हवेत ओलावा धरतात. त्यामुळे समुद्रापासून दूर, देशावरील गावांतही खत पेरण्याच्या यंत्राची पेटी प्रथम गंजते. तेथील शेतकऱ्यांनाही पुढील सूचना उपयोगी पडतील.

थंड देशांतील रीत

कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतो. तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. साधे पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते, परंतु मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के असलेले पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. रस्ता मोकळा होतो, पण ते खारे पाणी मोटारींच्या तळाशी उडून पत्रा खाते. यावर तेथील जाणते मोटारमालक हिवाळ्यापूर्वी गाडी धुऊन रंगावर मेणाचा हात देतात, उडालेले टवके बुजवितात आणि हिवाळाभर गाडीचा तळ वरचेवर गोड्या पाण्याने धुतात. तेथे कार्यरत असलेल्या आपल्या मराठी बांधवांनाही हे करावे लागते. त्यांना हिवाळ्यात घ्यावी लागणारी काळजी आपणास पावसाळ्यात घ्यावयाची आहे.

मृगापूर्वी करावयाची कामे

आगोटीची इतर तयारी चालू असतानाच यंत्र एकदा गोड्या पाण्याने नखशिखांत धुवावे. पाण्याची धार खालून वर, आतील कोपऱ्यांत व सांध्यांत जाईल असे पाहावे. येथे एक दक्षता घ्यावी. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी वैशाखात मचूळ होते. अशा पाण्याने धुणे व्यर्थ होय. पाणी चवीने पाहून दुसऱ्या विहिरीचे किंवा नळाचे घ्यावे. खाडीत यंत्र उतरवून धुण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते, ती सर्वस्वी सोडून द्यावी.

धुण्यासाठी सोडा किंवा कपड्यांची तीव्र पावडर वापरू नये, कारण तिने रंगाची चकाकी व मेण दोन्ही जातात. सौम्य साबणाचे पाणी व मऊ फडके पुरे होते. काथ्याने वा मातीने घासल्यास रंगावर बारीक ओरखडे उठतात आणि गंजास वाट मिळते. धुतल्यावर यंत्र पूर्ण वाळू द्यावे व रंग शाबूत असलेल्या भागावर मोटारीच्या मेणाचा पातळ हात देऊन फडक्याने पुसावा. मेण टिकून आहे की नाही हे ओळखणे सोपे आहे. पाणी शिंपडले असता त्याचे थेंब गोलसर उभे राहिले तर मेण आहे, पाणी पसरून बसले तर पुन्हा देण्याची वेळ झाली.

पावसाळ्यात घ्यावयाची काळजी

खारजमिनीतून परतल्यावर चिखल वाळण्यापूर्वी, त्याच दिवशी यंत्र धुवावे. पॉवर टिलरला चार-पाच बादल्या पाणी पुरे होते. खत वाहिल्यावर ट्रॉली प्रथम कोरडी झाडून घ्यावी व मग धुवावी. खताची पेटी रात्रभर भरलेली ठेवू नये. मासळी वाहिलेला हौदा त्याच दिवशी धुऊन उतारावर उभा करावा, म्हणजे पाणी निथळून जाते.

यंत्र प्लॅस्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळून ठेवण्याची चूक सर्रास होते. आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही आणि पत्र्यास घाम सुटतो. छपराखाली, समुद्राकडील बाजूस आडोसा करून, खालून वारा खेळेल असे यंत्र ठेवावे. कापड घालावयाचेच असेल तर ते वरून सैल घालावे. आंब्याच्या झाडाखाली यंत्र उभे करू नये. झाडाचा चीक व पक्ष्यांची विष्ठा यांनी रंग बिघडतो.

बोर्डो मिश्रण करणाऱ्या बागायतदारांनी ध्यानात ठेवावे की, मोरचुदाचे द्रावण लोखंडी भांड्यात कधीही करू नये. त्यातील तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड विरघळते. हे द्रावण यंत्राच्या रंग उडालेल्या भागावर सांडल्यास तेथेही तेच घडते. सांडल्यास त्वरित धुवावे.

खंडेनवमीची तपासणी

आपल्याकडे खंडेनवमीस अवजारांची पूजा करण्याची परंपरा आहे. पूजेसाठी यंत्र धुऊन पुसले जातेच. त्याच वेळी प्रत्येक टवका, फोड व गंजाचा ठिपका शोधून त्यावर खडूने खूण करावी. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की रंगाचे काम हाती घ्यावे. या कामाचा क्रम असा ठेवावा:

१. सुटलेला रंग व गंज तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश कागदाने, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढावा.

२. ती जागा गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा चोळून धुवावी. गंजाच्या खळग्यांत मीठ दडलेले असते, म्हणून ही पायरी कधीही गाळू नये.

३. स्वच्छ फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळवावी. तेल वा ग्रीस लागले असल्यास थिनरने पुसावे.

४. त्याच दिवशी, दंव पडण्यापूर्वी, प्रायमर म्हणजे अस्तराचा रंग द्यावा. उघडे लोखंड रात्रभर ठेवल्यास त्यावर पुन्हा गंजाची झाक येते.

५. प्रायमर वाळल्यावर एनॅमल रंगाचे दोन पातळ हात, पहिला पूर्ण वाळल्यानंतर दुसरा, असे द्यावे. एकच जाड हात देऊ नये.

पूर्वी प्रायमर म्हणून शेंदराचा रंग वापरीत असत. त्यात शिसे असते व ते विषारी आहे. गुरे रंगविलेल्या वस्तू चाटतात, म्हणून गोठ्याजवळ तो मुळीच वापरू नये. झिंक फॉस्फेटयुक्त प्रायमर घ्यावा. नांगराचा फाळ, कुळवाची पास यांसारख्या मातीत घासणाऱ्या भागांवर रंग टिकत नाही. ते धुऊन वाळवून त्यांस ग्रीसचा हात द्यावा. इंजिनातील जळके तेल यासाठी वापरू नये, ते त्वचेस अपायकारक असून माती व पाणी दूषित करते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हा विषय व्याख्यानापेक्षा तीन खिळ्यांनी अधिक चांगला पटतो. तिन्ही खिळे पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करावेत. एका खिळ्यास रंग देऊन वाळल्यावर टाचणीने एक रेघ ओढावी. नंतर आठ दिवस रोज सकाळी तिन्ही खिळे मिठाच्या पाण्यात बुडवून ताटलीत ठेवावेत. एक बिनरंगी खिळा तसाच राहू द्यावा. दुसरा बिनरंगी खिळा मात्र रोज लगेच गोड्या पाण्याने धुऊन पुसावा. आठवड्यानंतर ताटली बैठकीत फिरवावी. न धुतलेला खिळा गंजाने माखलेला, धुतलेला बराचसा स्वच्छ, आणि रंगविलेल्या खिळ्यावर रेघेच्या जागी गंज, असे दिसून येईल. शेतकरी स्वतः पाहतो तेव्हा त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या शेतकऱ्याने त्याच वर्षी खंडेनवमीनंतर ट्रॉलीचा सर्व रंग खरवडून काढला. या वेळी लेखकही ब्रश घेऊन त्याच्याबरोबर बसला होता. लोखंड गोड्या विहिरीच्या पाण्याने तीनदा धुतले, वाळविले आणि मग रंगाचे काम केले. पुढील पावसाळ्यानंतर पाहिले, तेव्हा मागील फळीच्या बिजागऱ्यांपाशी, जेथे रोजचे धक्के बसतात, तेथे दोन-तीन टवके उडाले होते. बाकी रंग शाबूत होता. ते टवके त्याने आम्ही पोहोचण्यापूर्वीच खडूने खूण करून ठेवले होते.