रोजचं विज्ञान : मोड आलेलं धान्य गोड का होतं?

नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेल्या सत्त्वाची लापशी साध्या पिठाच्या लापशीपेक्षा पातळ आणि गोडसर होते. साखर न घालता ही गोडी येते, कारण दाण्यातला स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ असते. मोड येताना दाणा अमायलेज नावाचं विकर बनवतो. ते ही माळ तोडतं. इंग्लिश पद्धतीच्या पेल एल बीअरचा पायाही हाच आहे. मोड आणून वाळवलेलं सातू सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुरलं की साखर सुटते. मग हॉप्सची फुलं उकळून कडवटपणा देतात आणि इंग्लिश यीस्ट अल्कोहोलसोबत फळांसारखा गंध निर्माण करतं.

मग मोड आलेलं धान्य ही दारूची सुरुवात का? वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे तिथल्या वडनेर गावच्या वाचकाला ही शंका येऊ शकते. पण अल्कोहोल यीस्ट बनवतं, मोड नव्हे. उकळून ताजी खाल्लेली लापशी निव्वळ अन्नच. उलट ती पातळ राहत असल्याने त्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला कमी घासांत जास्त ऊर्जा मिळते. मात्र मोड आलेले दाणे फार भाजू नका. विकर निकामी होतं.