पोवाडा कसा ऐकावा: नमनापासून शेवटच्या चौकापर्यंत

१९ फेब्रुवारीला शिवजयंती आली की पिंपळे सौदागरमधल्या सोसायट्यांच्या आवारात मंडप पडतात आणि पोवाडे सुरू होतात. नोकरीनिमित्त ठिकठिकाणांहून येऊन इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले समोर बसतात. डफावर थाप पडली की सगळ्यांच्याच अंगावर काटा येतो. पण शब्द झरझर पुढे निघून जातात आणि मनात राहतो तो नुसता आवेश. खरे तर पोवाड्यात गोष्ट टप्प्याटप्प्याने रचलेली असते. ते टप्पे ओळखता आले, तर वीर कशामुळे वीर ठरतो हेही समजते.

उदाहरणादाखल आपण शाहीर तुळशीदासाचा तानाजी मालुसऱ्यांवरचा पोवाडा घेऊ. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री झाली आणि हा पोवाडा मराठीतल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक मानला जातो. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये असे पोवाडे जमवून छापले. सोबतीला होमरच्या नावावर चालत आलेले ग्रीकांचे ‘इलियड’ ठेवू. तेही तोंडी गाणाऱ्यांच्या परंपरेतूनच घडले. चोवीस सर्गांच्या त्या काव्यात ट्रॉय नगरीच्या वेढ्यातले थोडेच दिवस आहेत, पण वीर, देव आणि मूल्ये यांचा तोच पेच तिथेही आहे.

पहिला टप्पा: कोण काय करते ते पाहावे. पुढे डफ घेऊन उभा असतो तो शाहीर. मागचे झीलकरी, म्हणजे सूर धरून शाहिराची ओळ उचलणारे साथीदार. ‘जी जी’ची साथ त्यांची. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला ओळ मनात मुरवायला वेळ. तुणतुणे आणि झांज लय सांभाळतात. मधेच गाणे थांबवून शाहीर साध्या गद्यात बोलू लागतो, तेव्हा कान टवकारावेत. गोष्टीतली वळणे बहुधा तिथेच उलगडतात.

दुसरा टप्पा: नमन. सुरुवातीला गणपती, शारदा, भवानी यांना वंदन होते. ‘खरा पोवाडा अजून सुरू व्हायचाय’ असे समजून आपण याच वेळी खुर्च्या सरकवत बसतो. पण नमनातून शाहीर सांगत असतो की ही गोष्ट त्याच्या एकट्याच्या बुद्धीची नाही. होमरचा गायकही पहिल्याच ओळीत काव्यदेवतेला बोलावतो.

तिसरा टप्पा: मागणी. पुढची गोष्ट चौकाचौकांनी जाते. चौक म्हणजे पोवाड्याचा एक खंड. तुळशीदासाच्या पोवाड्यात जिजाबाई शिवाजी महाराजांशी सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात आणि सिंहगड मागतात. इलियडमध्ये ग्रीकांचा सेनापती अॅगमेम्नॉन हा त्यांचा सर्वांत शूर योद्धा अकिलीज याच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस हिरावून घेतो. अपमानित अकिलीज लढाई सोडून बसतो, आणि त्याची आई थेटिस देवराज झ्यूसकडे दाद मागते. मागणी कुणाची आणि कशासाठी, हे इथेच मनाशी नोंदवावे. एका गोष्टीत आई मुलाच्या मानासाठी मागते, दुसरीत राज्यासाठी. दोन्ही गोष्टींचे रस्ते इथून वेगळे होतात.

चौथा टप्पा: घर. हा सर्वांत मोलाचा चौक, आणि लढाईच्या ओढीत तोच निसटतो. महाराजांचा निरोप येतो तेव्हा तानाजींच्या घरी मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी चाललेली असते. ते लग्न बाजूला ठेवून ते निघतात. इलियडच्या सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर बायकोचा निरोप घेतो. शिरस्त्राणावरचा तुरा पाहून त्याचे तान्हे मूल घाबरते. तो शिरस्त्राण काढून खाली ठेवतो आणि बाळाला उचलून घेतो. वीराने काय मिळवले हे सगळेच सांगतात. त्याने मागे काय ठेवले, हे चांगला शाहीर सांगतो.

पाचवा टप्पा: नावांची यादी. अनेक पोवाड्यांत सरदार, गावे आणि शस्त्रे यांची नावे एकामागून एक येतात. ऐकणारा इथे कंटाळतो. पण एकेकाळी समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घराण्याचे नाव त्यात असायचे. इलियडच्या दुसऱ्या सर्गातही कुठल्या गावाहून कोण, किती जहाजे घेऊन आला याची लांबलचक यादी आहे. ज्यांच्यावर वेगळा पोवाडा कधी होणार नाही, त्यांची कीर्ती या यादीत टिकते.

सहावा टप्पा: शकुन. गड चढण्यासाठी दोर बांधून कड्यावर सोडलेली घोरपड अर्ध्या वाटेवरून माघारी येते. हा अपशकुनच. तानाजी तो मानत नाहीत, तिला पुन्हा कड्यावर लावतात. इलियडच्या बाराव्या सर्गात गरुडाच्या नख्यांतून साप खाली पडतो. सोबती म्हणतो, मागे फिरू या. हेक्टर त्याला झिडकारतो. आपल्या देशासाठी लढणे हाच त्याच्या लेखी सर्वांत चांगला शकुन. अशा जागी आपण वीराला हट्टी म्हणून मोकळे होतो. पण त्याला इशारा ऐकू आलेला असतो. परिणाम समोर दिसत असताना त्याने घेतलेला तो निर्णय असतो.

सातवा टप्पा: देव. ‘देवी पाठीशी होती, मग तानाजींचे त्यात काय?’ असा प्रश्न मुले हमखास विचारतात. तो टाळू नये. आपल्या पोवाड्यांत भवानी बळ देते, कौल देते. कडा मात्र माणसालाच चढावा लागतो. ग्रीक देव थेट रणांगणात उतरतात, पक्ष घेतात, फसवतातही. अथीना हेक्टरच्या भावाचे रूप घेऊन त्याला अकिलीजसमोर उभे करते. तरीही झ्यूसला स्वतःचा मुलगा सार्पेडॉन वाचवता येत नाही, कारण ठरलेले मरण त्याने टाळावे हे इतर देवांना मान्य नसते. देव अमर आहेत, त्यांना गमावण्यासारखे काही नाही. माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणूनच त्याच्या धाडसाला किंमत आहे.

आठवा टप्पा: लढाई आणि शत्रू. आवाज चढतो, लय दुप्पट होते. इथे शत्रू कसा रंगवला आहे हे पाहावे. सिंहगडाचा किल्लेदार उदयभान भित्रा असता, तर तानाजींची कामगिरी लहान झाली असती. दोघेही एकमेकांच्या हातून पडतात असे सभासद बखर सांगते. मेलेल्या शत्रूचे काय करावे, हीही वीराची परीक्षा असते. अकिलीज हेक्टरचे प्रेत रथामागे फरफटवतो, तेव्हा देवांनाही ते सहन होत नाही. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, मुलाचे प्रेत मागायला रात्री अकिलीजकडे येतो, आणि शेवटी दोघेही आपापल्या माणसांसाठी रडतात. आपल्याकडे मेलेल्या शत्रूचा मान राखल्याची खूण म्हणून प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे.

नववा टप्पा: शेवटचा चौक. गड ताब्यात आला की टाळ्या पडतात आणि लोक उठू लागतात. आपण बसून राहावे. विजयाची बातमी आणि तानाजींच्या मरणाची बातमी एकत्रच येते, आणि महाराजांचे दुःख याच चौकात आहे. इलियडही ट्रॉय जिंकण्यापाशी संपत नाही; ते संपते हेक्टरच्या अंत्यविधीने. शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारी तो अशी स्वतःच्या नावावर घेतो.

दहावा टप्पा: बखरीशी ताडून पाहणे. पोवाडा जसाच्या तसा इतिहास मानणे ही एक चूक, आणि घोरपड खोटी म्हणून अख्खा पोवाडा फेकून देणे ही दुसरी. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे निवडक मावळेच वानरांसारखे कडा चढून जातात. घटना काय घडली हे बखर आणि पत्रांतून शोधावे. त्या घटनेत समाजाला थोर काय वाटले, ते पोवाड्यातून.

यंदाचा कार्यक्रम ठरवताना शाहिरांना दोन विनंत्या आवर्जून कराव्यात: नमन गाळू नका आणि शेवटचा चौक आटोपता घेऊ नका. ध्वनिमुद्रित पोवाडा लावणार असाल, तर संपूर्ण असलेला निवडा. कार्यक्रमानंतर मुलांना तीन प्रश्न विचारा: तानाजींनी काय मागे ठेवले, त्यांना मागे फिरता आले असते का, आणि शत्रूशी कोण कसे वागले? उत्तरे चुकली तरी हरकत नाही. पुढच्या सुटीत त्यांना सिंहगडावर न्या, तानाजींचा कडा आणि समाधी दाखवा, आणि तेच प्रश्न तिथे पुन्हा विचारा.