लोणच्याची बरणी आणि दोह्याची रात्र

विमानतळावरच्या तपासणीचा त्रास कोणाला होत नाही? बूट काढा, कमरेचा पट्टा काढा, नाणी तबकात टाका. मुंबईहून मॉरिशसला परतताना मावशींनी दिलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी आम्ही हातातल्या पिशवीत ठेवली होती. ती तिथेच ठेवून यावे लागले. चूक आमचीच, पण आठवण झाली की अजून हळहळ वाटते.

या नियमांना कारणे आहेत. डिसेंबर 2001 मध्ये एका इसमाने बुटात स्फोटक लपवून पॅरिसहून विमान गाठले. ऑगस्ट 2006 मध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला आणि 100 मिलिलिटरची मर्यादा आली. तेव्हा बरणी गेली तर जावो.

मात्र सगळेच सोसण्याजोगे नसते. युरोपातून मुंबईला जाणारे आपले कितीतरी नातलग वाटेत कतारमध्ये, दोह्याच्या हमद विमानतळावर विमान बदलतात. 2 ऑक्टोबर 2020 रोजी तिथे एक नवजात अर्भक कचऱ्याच्या टोपलीत सापडले. सुदैवाने मूल वाचले. त्याच्या आईच्या शोधासाठी निघण्याच्या बेतात असलेल्या विमानांतून स्त्रियांना खाली उतरवण्यात आले. सिडनीच्या विमानातील काहींना बाहेर उभ्या रुग्णवाहिकांत नेऊन त्या नुकत्याच बाळंत झाल्या आहेत की काय, हे अंग तपासून पाहिले गेले. आपल्याला कारण सांगितले नाही, संमती विचारली नाही, असे त्या स्त्रियांचे म्हणणे आहे.

याला सुरक्षा तपासणी कसे म्हणावे? विमानाला धोका नव्हता. शोध एका आईचा होता, आणि संशय सरसकट सर्व स्त्रियांवर!

कतार सरकारने त्याच महिन्यात माफी मागितली. ऑस्ट्रेलियातील पाच स्त्रिया मात्र न्यायालयात गेल्या. एप्रिल 2024 मध्ये विमान कंपनीविरुद्धचा त्यांचा दावा फेटाळला गेला. जुलै 2025 मध्ये अपिलात तो पुढे चालवण्यास मुभा मिळाली. इतकी वर्षे झगडणे सोपे नव्हे.

हे वाचून आमची भाची, जी फ्रान्समध्ये शिकते, म्हणाली, "मामा, मला असे बोलावले तर मी काय करू?" वर्गात आम्ही रोज सांगतो, गणवेशातल्या माणसाचे ऐकावे. तिला मात्र आम्ही एवढेच म्हणालो, "आधी कारण विचार." तिने विचारले, "आणि सांगितलेच नाही तर?"