नऊ आण्यांचं पुस्तक आणि बुलढाण्याची ताराबाई

१८८२ सालचं बुलढाणा डोळ्यांसमोर आणा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, थंड हवेचं लहानसं गाव. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला आणि पुढे या गावात जिल्ह्याचं ठाणं आलं. कचेरी, साहेबाचा बंगला, कारकून, पट्टेवाले, आणि गाव संपलं की लगेच शेतं. रेल्वे नाही, ती तर बुलढाणा शहरात आजही पोचलेली नाही. मुलींसाठी शाळा नाही. अशा गावातल्या एका मराठा घरात बसून एक बाई पुस्तक लिहिते, आणि आज भारतातल्या स्त्रीविचाराचा इतिहास सांगायचा तर त्या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाताच येत नाही!

पुस्तकाचं नाव ‘स्त्रीपुरुष तुलना’. बाईचं नाव ताराबाई शिंदे. १८८१ च्या जनगणनेत आपल्या देशात लिहितावाचता येणारी बाई शंभरात एकही भरत नव्हती, हे लक्षात घ्या, म्हणजे या घटनेचा आकार कळेल. मग हे घडलं तरी कसं?

सुरुवात घरापासून करू. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क होते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याचे ते सभासद. १८७१ मध्ये त्यांनी स्वतःचंही एक पुस्तक छापलं होतं, शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सुनावणारं. त्यांना चार मुलगे आणि ही एकच मुलगी. गावात मुलींची शाळा नाही म्हणून बापूजी थांबले नाहीत. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी, तिन्ही भाषा त्यांनी लेकीला घरीच शिकवल्या.

पण शिकलेली मुलगी लग्न होऊन परक्या घरी गेली की पुढे काय? आपल्याकडे बाईचं गाव लग्नाच्या दिवशीच तुटतं. जन्माचं गाव माहेर होतं, तिथे सणावारी, बाळंतपणाला यायचं. आणि जन्म काढायचा तो सासरच्या उंबऱ्याआड. वही, पुस्तकं, वडिलांकडे येणारी वर्तमानपत्रं, सगळं मागे राहतं. ताराबाईंच्या बाबतीत ही साखळीच तुटली, कारण बापूजींनी जावई घरात आणला! घरजावयाची चाल जुनीच. पण इथे तिनं काय साधलं बघा. ताराबाईंचं गाव सुटलं नाही, वडिलांचं घर सुटलं नाही, वाचन सुटलं नाही. आडनावसुद्धा सुटलं नाही: पुस्तकावर छापलं गेलं ते माहेरचं ‘शिंदे’.

मात्र हे गाव मोकळं रान होतं असं समजू नका. प्रतिष्ठित मराठा घरातल्या बाईला बाहेर वावरायला मर्यादा होत्या. आपण चार भिंतींच्या आत कोंडलेली बाई आहोत, हे ताराबाईंनी पुस्तकात स्वतःच सांगितलं आहे. म्हणजे ज्या घरानं त्यांना लेखणी दिली, त्याच घरानं दारही लावून घेतलं होतं. एकाच जागेनं दिलेली ही दोन देणी त्यांच्या प्रत्येक पानात एकमेकांशी झटापट करतात.

आता पुढचं नवल. या बंद दाराच्या आत जगाची खबर पोचली कशी?

सुरतेला १८८१ मध्ये एक खटला झाला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. लोकांच्या भीतीनं तिनं जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला, असा आरोप सिद्ध धरून न्यायालयानं तिला फाशी सुनावली. अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात गेलं. तिथे फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि शेवटी ती पाच वर्षांवर आली. देशभर वर्तमानपत्रं या खटल्यानं पेटली. विधवांची लग्नं होत नाहीत म्हणून हे घडतं, असं काहींनी लिहिलं. पण पुण्याच्या ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी उलट बायकांच्याच चारित्र्यावर ताशेरे झोडले. त्या बाळाचा बाप कोण, हा प्रश्न मात्र कोणत्याच न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

ही बातमी कोणत्या वाटेनं फिरली असेल? सुरत ते मुंबई लोहमार्ग १८६४ मध्ये पुरा झाला होता. वैतरणा नदी ओलांडून, वसईची खाडी पार करत तो मुंबईत शिरतो. मुंबई-पुणे गाडी बोरघाट चढून जात होती. आणि भुसावळहून नागपूरकडे जाणारा फाटा १८६७ पासून सुरू होता. त्यावरचं मलकापूर हे बुलढाण्याला जवळचं स्टेशन. तिथून पुढे चाळीसेक किलोमीटर रस्ता, आणि शेवटी घाटाची चढण. खटल्याच्या वीस वर्षं आधी यातला एकही मार्ग पुरा झालेला नव्हता! लोखंडी रूळ, टपाल आणि छापखाना या तिघांनी मिळून सुरतेच्या तुरुंगातली एक बाई बुलढाण्यातल्या एका बाईच्या माजघरात आणून उभी केली. दोघींची कधी गाठ पडली नाही. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. तरी एकीचा अपमान दुसरीला स्वतःचा वाटला.

का वाटला? कारण विधवेच्या पुनर्विवाहाची बंदी एव्हाना ब्राह्मणांपुरती राहिली नव्हती. मोठेपणा मिरवणाऱ्या मराठा घरांनीही ती उचलली होती. पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. कायदा कागदावर होता आणि विधवा तिथेच होती.

आता पुस्तक उघडू. इथे तर पानोपानी थांबावंसं वाटतं. बाई म्हणजे दोषांची खाण, असं सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक आहे. त्यात एकामागून एक दूषणं: ती संशयी, ती उद्धट, ती अविचारी, ती कपटी. ताराबाई काय करतात? त्या रडत नाहीत, दयेची याचना करत नाहीत. त्या ही यादी हातात घेतात आणि हेड क्लार्कच्या लेकीला शोभेल अशा रीतीनं जमाखर्च मांडतात. एका रकान्यात बाई, दुसऱ्या रकान्यात पुरुष. एकेक दूषण घ्यायचं आणि विचारायचं, हे तुमच्या खात्यावर किती जमा आहे? कपट म्हणता? मग खोटे दस्तऐवज, लाचलुचपत, राजकारणातले दगे कोण करतं? अविचार म्हणता? राज्यं बुडवणारे कोण होते? बेरीज होत जाते आणि पुरुषांचा रकाना फुगत जातो.

मग त्या देवादिकांकडे वळतात. पती हाच परमेश्वर असेल तर पतीनं परमेश्वरासारखं वागायला नको का? बायको गेल्यावर नवऱ्याची दुसरी सोयरीक लगेच ठरते. मग नवरा गेलेल्या बाईनंच जन्मभर का जळायचं? तुम्ही पगडी टाकून टोपी घातली, बूट चढवले, खाण्यापिण्याचे नियम सोडले, तेव्हा धर्म बुडाला नाही. मग तो सारा धर्म बायकांनीच का सांभाळायचा? या प्रश्नांचं वय १४० वर्षांहून जास्त आहे. यातला कोणता जुना झाला, सांगा बरं?

आणि भाषा? ती तर थक्क करते. पंडिताची संस्कृत आणि माजघरातली फटकळ मराठी एकाच वाक्यात हातात हात घालून येतात. म्हणी येतात, टोमणे येतात, पुराणातल्या कथा उलट्या धरून दाखवल्या जातात. समोर पुरुष बसलेत आणि बाई त्यांच्या तोंडावर बोलते आहे, असा थाट. ज्या बाईला परपुरुषासमोर यायची मुभा नाही, तिनं कागदावर साऱ्या पुरुषजातीला समोर बसवलं!

अजून एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ताराबाईंनी आपल्या काळातली कथापुस्तकं आणि नाटकंही तपासली. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ हे नाटक. यात बायका रंगवल्या आहेत त्या खऱ्या आहेत का, असा त्यांचा सवाल. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. समीक्षेची शिस्त अजून घडायची होती. आणि पुस्तकातली बाई पुरुषाच्या सोयीनं घडवली जाते, हे बुलढाण्यातल्या एका वाचक बाईनं ओळखलं होतं! फ्रान्समधल्या सिमोन द बोव्हारचं ‘द सेकंड सेक्स’ आलं ते १९४९ मध्ये. त्यातही पुरुष लेखकांनी रंगवलेल्या बायकांची अशीच झडती आहे. मध्ये ६७ वर्षं गेली.

पुस्तक पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यावर लेखिकेचं खरं नाव होतं. याचं मोल कळायला पुढचा एक दाखला पाहा. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा त्याच्या शिकल्यासवरल्या, नोकरी करणाऱ्या लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाआड राहावं लागलं. ताराबाईंनी त्याच्या ५१ वर्षं आधी, ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे राहून, स्वतःच्या आणि बापाच्या नावानिशी लिहिलं.

परिणाम व्हायचा तो झाला. टीका झाली, टवाळी झाली. जोतीराव फुले मात्र पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेनं केला आणि त्यांची खिल्ली उडवणाऱ्यांना खडसावलं. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक कधी आलं नाही. १८८२ मध्येच पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज उभारला. त्यांच्याभोवती सभा होती, शहर होतं, ऐकणाऱ्या बायका होत्या. ताराबाईंच्या भोवती घाटावरचं गाव होतं. एवढं लिहिण्याइतकी सावली त्या गावानं दिली. लिहीत राहायला सोबत लागते, ती तिथे नव्हती.

मग पुस्तक दिसेनासं झालं. ५०० प्रती म्हणजे कितीशा? वाळवी, पावसाळा, रद्दी. ताराबाई साधारण १९१० च्या सुमारास गेल्या. स्त्रीशिक्षण वाढलं, स्वातंत्र्य आलं, मतदानाचा हक्क आला, आणि हे पुस्तक कोणाच्या ओठांवर नव्हतं. १९७५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष जाहीर केलं होतं त्याच वर्षी, संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून वाचकांपुढे आणलं. ९३ वर्षांनी! १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅन्लन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि बुलढाण्याची ताराबाई जगभरच्या विद्यापीठांत वाचली जाऊ लागली.

एखादी प्रत जपली गेली नसती, तर आज आपल्याला ताराबाईंचं नावही कदाचित माहीत नसतं. आपल्या जिल्ह्याच्या गावांतून, अडगळीच्या ट्रंकांतून अशी आणखी किती पानं पडून असतील? म्हणून दोन गोष्टी करा. ‘स्त्रीपुरुष तुलना’ मिळवून वाचा. लहानसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. आणि घरातल्या आजी-पणजीच्या हातचा लिहिलेला एखादा कागद सापडला, तर तो रद्दीत घालण्याआधी एकदा नीट वाचून पाहा.