‘लाँग’ची लांबी

१९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं सी ही संगणकभाषा घडविली. तींतील मजकूर यंत्राच्या बोलींत उतरविणाऱ्या दुभाष्यास कंपायलर म्हणतात. आणि हे दुभाषे सर्वच बाबतींत एकमताचे नसतात. ‘लाँग’ या संख्याप्रकारास ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ बाइट मिळतात, ६४ बिटांच्या विंडोजवर चारच! चार बाइटांत सुमारें २१४ कोटींपर्यंतचीच संख्या मावते. याहून मोठी आली तर बहुधा कोणी ओरडत नाहीं. उत्तर तेवढें चुकतें. म्हणून १९९९ च्या प्रमाणानें ठराविक मापाचे संख्याप्रकार दिले.

आपल्या घरच्या पीएनजी चित्रांमागें बहुधा झेडलिब ही लायब्ररी असते. जाँ-लू गेली व मार्क ॲडलर यांनीं ती १९९५ सालीं प्रसिद्ध केली. सीचें प्रमाण व्याकरण १९८९ सालींच ठरलें होतें. तरी जुन्या कंपायलरांची अडचण होऊं नये म्हणून कर्त्यांनीं फंक्शनांची जुनी मांडणी जपली. मला हा सोशिकपणा अंमळ अतिरेकी वाटतो. परंतु ज्याच्या यंत्रावर दुसरा कंपायलरच मिळत नाहीं, त्यानें काय करावें? पुढें नवे कंपायलरच त्या मांडणीवर कुरकुरूं लागले, आणि २०२३ मध्यें, १.३ या आवृत्तींत, ती काढण्यांत आली.